मोकळ्या कोंबड्यांसाठी आडोसा: झुडपं कुठली, कुठे आणि कशी लावायची

झाडं आणायला जायच्या आधी एक काम करा. दुपारी कोंबड्या सोडल्या की खुराड्याच्या दाराशी उकिडवे बसा, डोळे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर येतील असे, आणि समोर बघा. उभं राहिल्यावर जे छान ऐसपैस आवार दिसतं ते खालून बघितलं की नुसतं उघडं रान आणि वर सगळं आभाळ, लपायला काहीच नाही. कोंबडी रोज हेच बघते. म्हणूनच अर्धा एकर मोकळा असला तरी त्या खुराड्याभोवतीच घुटमळतात, तेवढीच जमीन उकरून उकरून टक्कल पाडतात, आणि लांब कोपऱ्यातल्या चांगल्या गवताला तोंडही लावत नाहीत. लोक म्हणतात आमच्या कोंबड्या आळशी आहेत, लांब जातच नाहीत. आळशी बिळशी काही नसतात हो, घाबरलेल्या असतात.

कोंबडी मुळात रानातली. आपल्या सगळ्या जातींचा पूर्वज तो लाल रानकोंबडा, आणि तो राहतो जंगलाच्या कडेला, बांबूच्या बेटांत, झुडपांच्या खाली. पालापाचोळा उकरायचा आणि वर काही हललं की दोन उड्यांत जाळीत शिरायचं हा त्याचा जगण्याचा सगळा हिशोब. आपण तिला पाळीव केली, अंडी वाढवली, वजन वाढवलं, पण तो हिशोब तिच्या डोक्यातून गेलेला नाही. चरताना मधेच मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावते ना, ते त्याच्यासाठीच. आणि कोंबडा असेल तर त्याचे आवाज नीट ऐका. जमिनीवरून कुत्रं किंवा मांजर आलं तर तो कुटकुट कुटकुट करत राहतो, सगळ्या माना वर करून बघतात कुठून आलं ते. पण वर घार दिसली तर वेगळाच लांब बारीक चिरका आवाज काढतो, एकदाच, आणि त्या आवाजाला कोणी बघत बसत नाही, जिथे आडोसा असेल तिथे पळतात आणि आडोसा नसला तर आहेत तिथेच जमिनीला चिकटून बसतात. उघड्यावर चिकटून बसलेली कोंबडी आणि तिची पिल्लं बघितली की आतडं तुटतं, कारण तेव्हा आपण धावत गेलो तरी बहुतेक उशीर झालेला असतो.

तर झाडी लावायची ती या दोन उड्यांच्या हिशोबाने. मी जो नियम धरतो तो असा की आवारात कोंबडी कुठेही उभी असली तरी तिला ५-६ मीटरच्या आत कुठला तरी आडोसा मिळाला पाहिजे. हे मोजायला सोपं आहे, साधारण ७-८ मोठ्या ढांगा. ढांगा टाकत फिरा आणि जिथे जिथे आडोसा लांब पडतो तिथे एक एक काठी रोवा. बहुतेक आवारांत पहिल्याच फेरीत मधोमध काठ्यांचं जंगल उभं राहतं, कारण आपण सगळे झाडं लावतो ती कडेने. कडेचं कुंपण चांगलंच, ते पाहिजेच, पण कोंबडी मारली जाते ती मधल्या मोकळ्यात.

म्हणून कुंपणाच्या आधी बेटं. एका बेटात ३ ते ५ झुडपं, जवळजवळ, मधे दोनेक फूट ठेवून, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत त्यांची डोकी एकमेकांत मिसळतात आणि खाली एक खोलीच तयार होते. पहिलं बेट खुराड्याच्या दारापासून ४-५ मीटरवर, कारण दारातून बाहेर पडायचा धीर त्या बेटामुळे येतो. तिथून दुसरं ८-१० मीटरवर, मग तिसरं, अशी साखळी लांबच्या कोपऱ्यापर्यंत न्यायची. सरळ रेषेत नको, जरा वाकडीतिकडी, म्हणजे आवार वापरलं जातं. तुमच्याकडे दहा-बारा झाडांपुरतीच ऐपत किंवा वेळ असेल तर सगळी कडेला रांगेत न लावता तीन बेटं करा, फरक आठवड्यात नाही पण पहिल्या वर्षात नक्की दिसेल.

खुराड्याला मात्र झाडी चिकटवू नका. भिंतीपासून दीड मीटर तरी स्वच्छ मोकळी जागा ठेवायची. भिंतीला लागून गच्च झुडूप असलं की उंदीर बिळं करतात, उंदरांमागे साप येतो, आणि मुंगूस तर त्या झुडपात दबा धरून बसतं आणि दार उघडायची वाट बघतं. इथेच या कामातला खरा पेच आहे. घारीपासून वाचवायला आडोसा गच्च पाहिजे, आणि मुंगूस, बोका, कोल्हा यांच्यापासून वाचवायला कोंबडीला लांबवरचं दिसलं पाहिजे. दोन्ही एकदम साधायचं तर झुडपाचा आकार छत्रीसारखा ठेवायचा. वरून गच्च पानं, आणि जमिनीपासून फूट-सव्वा फूट मोकळं, नुसती खोडं. कोंबडी आत उभी राहिली तर वरून दिसत नाही पण तिला चारी बाजूंनी खालचं सगळं दिसतं. गंमत म्हणजे हा आकार द्यायला फार छाटावं लागत नाही, मान पोचते तिथपर्यंतची पानं त्या स्वतःच साफ करतात. एखादं झुडूप मात्र जमिनीपर्यंत गच्च आणि काटेरी असू द्या, प्रत्येक दोन-तीन बेटांमागे एक, कारण शिक्रा हा शिकारी पक्षी घारीसारखा नुसता वरून झेप घेत नाही तर झाडांमधून वाट काढत पाठलागही करतो आणि तेव्हा काट्यांच्या जाळीशिवाय काही उपयोगाचं नसतं.

आता झाडं कुठली. तुमच्या मातीत आणि हवेत जे आपोआप तगतं ते पहिलं, बाकी सगळं नंतर. पण मी काय काय लावतो ते सांगतो.

सगळ्यात आधी तूर. हो, तूरच. लोक झुडूप म्हटलं की नर्सरीकडे पळतात आणि तूर विसरतात. पावसाच्या सुरुवातीला पेरली की चार-पाच महिन्यांत पुरुषभर उंच होते, वर फांद्यांचा झाप आणि खाली मोकळी खोडं, म्हणजे हवी तशी छत्री आयती. मुळांच्या गाठींमुळे जमिनीत नत्र येतं, पानं गळून खाली थर होतो, त्यात किडे होतात, आणि शेंगा फुटून पडल्या की दाणेही खातात. जास्त टिकणारी झुडपं वाढायला दोन-तीन वर्षं घेतात, तोपर्यंत त्यांच्या मधल्या जागेत तूर असली की पहिल्या वर्षीच आडोसा मिळतो. फक्त पेरताना कोंबड्या आत नकोत, नाहीतर तुमच्या मागे मागे येऊन दाणा न दाणा उचलतील, आणि उगवल्यावरही गुडघाभर होईपर्यंत जाळी पाहिजे.

तुती मला सगळ्यात आवडते. पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी, तीन-चार डोळे असलेली, दोन डोळे मातीत जातील अशी तिरकी खोचली की लागते, विकत काही घ्यावं लागत नाही. वाढ जोरात, पानं मोठी, दरवर्षी कंबरेएवढ्या उंचीवर छाटली की खालून चार-पाच फांद्या फुटून दाट होते. आणि फळं पिकायला लागली की कोंबड्या सकाळी सुटल्या सुटल्या खुराडं ते तुती एका दमात पळतात, माना लांब करून, पंख अर्धवट उघडून, आणि खाली पडलेलं एक एक काळं फळ टिपून झालं की वर बघत उभ्या राहतात की आता कधी पडतंय. ते बघायला तरी एक तुती लावाच.

जास्वंदही काडीने येते आणि वर्षभर हिरवी राहते. पानंफुलं दोन्ही खातात, त्यामुळे लहान असताना जपावी लागते. मेंदी कुंपणाला उत्तम, पाणी कमी लागतं आणि जितकी छाटाल तितकी दाट. करवंद हळू वाढतं, फार हळू, पहिली दोन वर्षं वाटतं काही होतच नाहीये, पण एकदा बसलं की काटे, बारमाही पानं आणि फळं तिन्ही मिळतात आणि त्याच्या जाळीत शिकारी पक्षी शिरायची हिंमत करत नाही. बोगनवेल वरून कमानीसारखी वाकून जमिनीला टेकते आणि आत बोगदा होतो, त्यात दुपारी अख्खा कळप झोपतो. अडुळसा आणि निर्गुंडी यांना कडवट चव किंवा उग्र वास, म्हणून सहसा कोणी तोंड लावत नाही, गुरं शेळ्या पण सोडून देतात. जिथे कोंबड्या काही वाढूच देत नाहीत तिथे या दोघांपासून सुरुवात करा.

ठोंबांना विसरू नका, गवती चहा आणि वाळा. ही झुडपं नव्हेत पण कमरेएवढी होतात, दोन बेटांच्या मधे पायऱ्यांसारखी लावली की तेवढा अधला-मधला आडोसा होतो, आणि आई पिल्लांना घेऊन फिरत असेल तर पिल्लांना हीच सोयीची, झुडपाच्या खोलीपर्यंत पळणं त्यांना लांब पडतं. घार मोठ्या कोंबडीपेक्षा पिल्लंच जास्त उचलते, कावळेही उचलतात, त्यामुळे खुडूक बसवणार असाल तर ठोंब दाट लावा, दीड-दोन मीटरवर एक. केळीही चांगली, पाणी आणि खत भरपूर असेल तिथे. लिंबू चालतं पण त्याची अन्न घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात, उकरून उघडी पडली की झाड बसतं, म्हणून लिंबाखाली दगड अंथरल्याशिवाय कोंबड्या सोडू नका.

आता काय लावायचं नाही, आणि इथे मी जरा जास्त बोलणार, कारण कुंपणाला म्हणून सर्रास लावली जाणारी कितीतरी झाडं विषारी असतात. कण्हेर, लाल असो गुलाबी असो की पिवळी, सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं. एरंड फटाफट वाढतो, सावली देतो, मोह होतो, पण त्याच्या बिया अतिशय विषारी. मोगली एरंडही तसाच. गुंजेचा वेल कुंपणावर चढला असेल तर उपटा, त्या लाल-काळ्या बिया दिसायला इतक्या सुंदर असतात की कोंबडीच काय लहान मूलही तोंडात घालेल. धोतरा नको. ड्युरांटाची ती पिवळी मण्यांसारखी फळं नकोत. घाणेरी आपोआप येते आणि खरंच आडोसा छान देते हे मान्य, पण ती विषारीही आहे आणि एकदा पसरली की दुसरं काही उगवू देत नाही. शेराच्या चिकाने डोळे जातात अशी आग होते. अव्होकॅडो हौसेने लावत असाल तर तो कोंबड्यांच्या आवाराबाहेर, त्यातला घटक पक्ष्यांना घातक असतो, पानं आणि सालीसुद्धा. सुबाभळीचा पाला थोडा चालतो, जास्त झाला की त्रास, म्हणून मी लावत नाही. बऱ्याच कोंबड्या शहाण्या असतात आणि विषारी पाल्याला तोंड लावत नाहीत हे खरं आहे, पण भुकेली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, किंवा कोवळं पिल्लू शहाणं नसतं, आणि रोज तिथेच चरणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत मी नशिबावर सोडत नाही.

आणखी एक, उंच एकटं झाड किंवा वाळलेला खांब मोकळ्या आवारात मधोमध असेल तर विचार करा. घार आणि शिक्रा तिथेच बसून टेहळणी करतात. जुनं चांगलं झाड असेल तर तोडू नका, त्याच्या खाली झुडपांचं बेट करा म्हणजे वर बसलेल्याला खालचं दिसणार नाही. वठलेली उघडी फांदी मात्र काढून टाका.

लावायची पद्धत. वेळ पावसाची सुरुवात, म्हणजे मुळं धरायला पूर्ण पावसाळा मिळतो. खड्डा झुडपाला दीड फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, मग वरच्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरायचं. कोंबड्यांचं ताजं खत खड्ड्यात घालू नका, घरचंच आहे म्हणून हात जातो, पण ते फार तेज असतं, अमोनियाने कोवळी मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून चार-सहा महिने कुजलं की सोनं आहे, ताजं असताना नाही. रोप पिशवीत होतं त्याच पातळीवर बसवा, माती पायाने घट्ट दाबा, आळं करा, पाणी द्या. नर्सरीतल्या पिशवीच्या मातीत कधीकधी कीडनाशकाचे दाणे टाकलेले असतात. एकदा रोपं उतरवताना मला वरच्या मातीत असे बारीक रंगीत दाणे दिसले होते आणि कोंबड्या तर पायापाशीच घोटाळत होत्या, तेव्हापासून पिशवीतली वरची इंचभर माती मी खरवडून लांब पुरतो आणि रोप महिनाभर तरी कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागेत ठेवतो. पिशवीचे तुकडे आणि तारेची टोकंही वेचून घ्या, चमकणारं काहीही गिळतात आणि तार पोटात गेली की आतून भोसकते.

कडेच्या कुंपणासाठी एक रांग पुरत नाही. दोन रांगा करा, रांगांत फूट-दीड फूट अंतर, रोपांतही तेवढंच, आणि दुसऱ्या रांगेतलं रोप पहिल्या रांगेतल्या दोघांच्या मधल्या फटीसमोर. लावल्यावर एक तृतीयांश उंची कापून टाका. हे करताना जीवावर येतं मला माहितीये, पण शेंडा राहिला की झाड नुसतं वर पळतं आणि खाली झाडणीसारखं विरळ होतं. शेंडा कापला की बुडातून फुटवे येतात, आणि कुंपणाला बूडच महत्त्वाचं. पुढेही छाटताना खाली रुंद वर निमुळतं ठेवा, उलट झालं की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती गळतात. कोल्ह्या-कुत्र्यांसाठी नुसत्या झाडांवर भिस्त ठेवू नका, रोपांच्या दोन रांगांच्या मधून जाळी न्या आणि तिचा खालचा फूटभर भाग जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा दुमडा. दोन वर्षांत झाडं जाळी गिळून टाकतात, दिसतही नाही.

कुंपण वाऱ्याच्या अंगाला आणि पश्चिमेला आधी दाट करा. वारा पूर्ण अडवणाऱ्या भिंतीपेक्षा थोडी हवा झिरपू देणारी झाडी बरी, भिंतीवरून वारा पलीकडे गरगरत खाली उतरतो, झाडीतून तो दमून बाहेर येतो. आणि पश्चिमेचं दुपारचं ऊन वाईट. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं हाच तिच्याकडे गारव्याचा मुख्य उपाय, तापमान तिशीच्या वर गेलं की सुरू होतं. झुडपाखालची जमीन आणि बाजूची उघडी जमीन दोन्हींवर भर दुपारी हात ठेवून बघा, मग मला वेगळं सांगायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने बहुतेकांची झाडं मरतात. झाडांना सगळ्यात मोठा धोका ज्यांच्यासाठी लावली त्यांचाच. ताजी उकरलेली मऊ ओली माती म्हणजे कोंबडीला आमंत्रण. मी पहिल्यांदा पंधरा रोपं लावली तेव्हा वाटलं दोन वीटा ठेवल्या की झालं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा रोपं मुळासकट बाहेर होती आणि एका आळ्यात एक कोंबडी डोळे मिटून, एक पाय ताणून, मातीत लोळत पडली होती, इतक्या सुखात की उठवायला हात होईना. तेव्हापासून रोपाच्या आधी जाळी.

एकेकट्या रोपाला जाळीचं गोल कडं, रोपापासून चारी बाजूंनी निदान फूटभर लांब, कारण मान आत जाते, आणि भोकं इंचापेक्षा मोठी नकोत. उंची अडीच-तीन फूट. दोन काठ्यांना बांधा, नुसतं ठेवलं तर ढकलून पाडतात. वरून उडून आत येतील का, तर अरुंद कड्यात उतरायला जागा नसते म्हणून सहसा येत नाहीत. पूर्ण बेटाला एकच कडं केलं तर ते मोठं होतं आणि मग आत उतरतात, त्यापेक्षा एकेक रोपाला वेगळं बरं पडतं. कुंपणाला दोन्ही बाजूंनी जाळीच्या पट्ट्या. जाळी पुरत नसेल तर काटेरी फांद्या रोपाभोवती वर्तुळात खोचा, बोरीच्या, बाभळीच्या, जुनी पद्धत आहे आणि चालते, फक्त पाऊस-दोन पावसांनी परत बघावं लागतं.

आणि जाळीच्या आत, बुंध्याभोवती, मुठीएवढे नाहीतर त्याहून मोठे दगड अंथरा, दोन-अडीच फुटांच्या घेरात, एकमेकांना टेकवून. यामागचा विचार असा की जाळी एक दिवस निघणार, दगड राहणार. दगडाखाली ओल टिकते, तण येत नाही, आणि उकरणारा पाय घसरतो. लहान खडी नको, ती खेळण्यासारखी उडवतात. पालापाचोळ्याचा थर द्यायचा असेल तर दगडाच्या खाली द्या, वर दिलात तर संध्याकाळपर्यंत आवारभर झालेला असेल.

जाळी कधी काढायची ते महिन्यांवर ठरवू नका. खोड अंगठ्याएवढं जाड झालंय का बघा, आणि बुंध्याला धरून हलकेच ओढा, मुळाशी माती हलली तर अजून वेळ आहे. तूर, तुतीला एक पावसाळा पुरतो, जास्वंद मेंदीला वर्ष-सव्वा वर्ष, करवंदाला दोन वर्षंही लागतात. काढल्यावर पहिले काही दिवस संध्याकाळचा शेवटचा तासच सोडा, तेव्हा फार उकरायला वेळ नसतो.

तोपर्यंत कोंबड्यांनी काय करायचं? तात्पुरते आडोसे. जुनं टेबल, लाकडी पॅलेट चार विटांवर ठेवून, शेडनेटचा तुकडा चार काठ्यांवर गुडघ्याच्या वर ताणून, तोडलेल्या फांद्यांचा ढीग. ढीग महिन्याभराने हलवायचा, नाहीतर त्यात साप-उंदीर राहायला येतात. माझा सगळ्यात आवडता तात्पुरता उपाय म्हणजे बुटका मांडव, अडीच-तीन फूट उंच, त्यावर घोसाळी, दुधी किंवा कारलं. वेलाचं बूड मांडवाच्या बाहेर, जाळीत, आणि वेल वर. दीड-दोन महिन्यांत वर हिरवं छप्पर, खाली गार अंधार, आणि फळं लोंबतात ती आपली. मांडव आधी जिथे पुढे बेट व्हायचं आहे तिथेच घाला, म्हणजे कोंबड्यांना ती जागा लपायची म्हणून सवयीची होते आणि मागून झुडपं वाढली की त्या आपसूक तिथेच जातात.

जागा किती पाहिजे असं सगळे विचारतात. युरोपात मोकळ्या कोंबड्यांची अंडी म्हणून विकायची तर हेक्टरी जास्तीत जास्त २५०० कोंबड्या असा नियम आहे, म्हणजे एकीला ४ चौरस मीटर. मी तरी हे कमीत कमी धरतो, एवढ्यात गवत टिकत नाही, झुडपांखाली तर अजिबात नाही. जागा असेल तर मधे जाळी टाकून दोन भाग करा, एक चरतो तेव्हा दुसरा सावरतो, आणि नवी लावणी नेहमी सावरणाऱ्या भागात करा. झुडपाखाली जमीन उघडी पडली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ती कोरडी भुसभुशीत माती त्यांची अंघोळीची जागा, अंगातल्या उवा-पिसवा तिथेच झडतात.

झाडी आली की काही नवी कामं येतात ती आधीच सांगून ठेवतो. अंडी झुडपात घालायला लागतील, अंधारी शांत जागा कुणाला नको. बहुतेक कोंबड्या सकाळी घालतात, म्हणून दहा-साडेदहापर्यंत आत ठेवून मग सोडा, आणि एखादी दिसेनाशी झाली तर सगळ्यात गच्च झुडपाखाली शोधा, पण हात घालण्याआधी काठी घालून बघा. काही जणी रात्री झाडावर बसायला बघतील. पहिल्याच आठवड्यात रोज उतरवून आत नेल्या तर सवय मोडते, महिना गेला की मोडत नाही. फळझाडांवर रानपक्षी येणार, येऊ द्या, पण त्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडता कामा नये, रोग तसेच येतात, म्हणून दाणा आणि पाणी कधीही झाडाखाली ठेवायचं नाही, छपराखालीच. आणि आवारातल्या झाडांवर फवारणी बंद, मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, खाली उभ्या असतातच.

छाटणी दरवर्षी, पण सगळी बेटं एकदम नको. एक आड एक छाटा, उरलेली पुढच्या वर्षी, नाहीतर एका दिवसात अख्खं आवार पुन्हा उघडं पडतं आणि कोंबड्या खुराड्याच्या दारात गोळा होऊन उभ्या राहतात. माझ्याकडे एकदा तसं झालंय, छाटल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन पिल्लं गेली. छाटून निघालेल्या फांद्यांतल्या सरळ काड्या तुती-जास्वंदीच्या पुढच्या लावणीला ठेवायच्या, काटेरी फांद्या नव्या रोपांभोवती खोचायच्या, आणि उरलेलं सगळं छाटलेल्या झुडपाच्याच डोक्यावर सैलसर पसरून ठेवायचं, खालून नवे फुटवे वर येईपर्यंत तेवढाच आडोसा.